रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करणारा पोरगा पुढे कुणासारखंच गाईना : कुमार गंधर्वांची गोष्ट

इन्स्टावर तुम्ही असा एखादा रील नक्की पाहिला असेल. अंधारलेला क्लब, मागे ड्रम आणि पियानो, आणि पुढे डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवणारा माणूस. समोर कागद नाही, नोटेशन नाही. तो वाजवतोय ते त्याआधी कुणी लिहिलेलं नाही आणि पुढच्या कार्यक्रमात तसंच्या तसं वाजणारही नाही. त्याला जॅझ म्हणतात हे आपल्याला माहीत असतं. पण खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो. हे खरंच त्या क्षणी सुचतं, की घरून पाठ करून येतात?

हाच प्रश्न आपल्याकडे ख्याल गायकीबद्दलही विचारला जातो. गवई तासभर एकच राग गातो, बंदिशीचे शब्द जेमतेम दोन-चार ओळींचे. मग बाकीचा तासभर येतो कुठून?

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा एका माणसाच्या आयुष्यात शोधलेलं बरं. हा माणूस लहानपणी नक्कल करण्यात इतका पटाईत होता की लोक तोंडात बोटं घालायचे. पुढे आजाराने त्याचं गाणं बंद पाडलं. तो परत गायला लागला तेव्हा त्याचं गाणं कुणासारखंच नव्हतं.

त्यांचं नाव पंडित कुमार गंधर्व.

आधी थोडं समजून घेऊ : सुचतं म्हणजे नक्की काय होतं?

जॅझमध्ये एक ठरलेली धून असते. तिच्याखाली स्वरसमूहांची म्हणजे कॉर्ड्सची एक ठरलेली रांग असते. अनेक जुन्या गाण्यांत ही रांग ३२ मापांची असते. बँड आधी मूळ धून वाजवतो. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच रांगेवर स्वतःचं काहीतरी बांधतो. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शेवटी सगळे मिळून मूळ धुनेवर परत येतात.

आता ख्याल बघा. इथे कॉर्ड्स नाहीत, पण राग आहे. रागाचे स्वर ठरलेले, त्यांची चाल ठरलेली. तीनतालात १६ मात्रांचं चक्र फिरत राहतं. गवई बंदिश मांडतो, मग त्या चक्रात स्वतःचा विस्तार करतो आणि दर वेळी समेवर येऊन मिळतो. विस्तार कितीही लांब गेला तरी परतायचं ठिकाण तेच.

दोन्हीकडे चौकट पक्की आणि आतला मजकूर ताजा. आपल्याकडे या ताज्या मजकुराला छान शब्द आहे, उपज. शेतात उगवतं त्यालाही उपजच म्हणतात. आणि शेतातली उपज काही रिकाम्या हवेतून येत नाही. तिला जमीन लागते, मशागत लागते, वाट बघावी लागते. कुमारजींच्या आयुष्यात हे तिन्ही टप्पे अगदी स्पष्ट दिसतात.

सुळेभावीचा शिवपुत्र

८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. घरची भाषा कानडी. वडील स्वतः गायचे, त्यामुळे घरात गाणं होतं. पण या पोराला समोर बसवून कुणी रीतसर शिकवलं होतं असं नाही.

तो काळ ग्रामोफोनचा. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. मोठमोठे गवई तेवढ्या वेळात अख्खा राग कोंबून बसवायचे. घरात तबकडी लागायची आणि हा पोरगा ऐकत बसायचा. एक दिवस तो गायला लागला आणि घरातले चमकले. कारण नुसती चाल बरोबर नव्हती. ताना, हरकती, खटके, सगळं तबकडीतल्यासारखं होतं. एका गवयाची तबकडी ऐकली की त्याच्यासारखं, दुसऱ्याची ऐकली की दुसऱ्यासारखं.

वय होतं अवघं सहा-सात वर्षांचं. गावोगाव त्याचे कार्यक्रम होऊ लागले. एका मठाच्या स्वामींनी हे गाणं ऐकून त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली. बालगंधर्व, सवाई गंधर्व ही नावं तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटकात घराघरांत होती. त्या पंगतीत या पोराचं पान मांडलं गेलं. खरं नाव मागे पडलं आणि पदवीच नाव होऊन बसली.

१९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली होती. समोर त्या काळातले नामवंत गवई, वादक आणि जाणकार बसलेले. त्यांच्यापुढे ११-१२ वर्षांचा हा मुलगा गायला आणि सभागृह थक्क झालं. त्या दिवसापासून संगीताच्या जगात त्याचं नाव झालं.

इथे थोडं थांबू. आज असा मुलगा सापडला तर त्याला रिॲलिटी शोमध्ये उभं करतील, लाखो व्ह्यूज मिळतील आणि दर आठवड्याला त्याच्याकडून नवी नक्कल मागतील. तेव्हाही तसंच होऊ शकलं असतं. नक्कल ही कमाईची गोष्ट होती. पण मुलाचा आवाज फुटला, वय वाढलं, की नक्कल ऐकायला कोण येणार? अशी कितीतरी बालगंधर्वं पुढे कुठे गेली ते कळतही नाही.

देवधर मास्तरांच्या शाळेत

नशीब असं की मुलगा प्रोफेसर बा. र. देवधरांच्या हाती लागला. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांची संगीताची शाळा होती. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पण त्यांचा स्वभाव एका घराण्याच्या कुंपणात राहण्याचा नव्हता. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. आवाज कसा लावावा, कसा जपावा याचा ते शास्त्रीय विचार करायचे. निरनिराळ्या घराण्यांचे गवई त्यांच्या शाळेत यायचे, गायचे, गप्पा मारायचे. या गवयांवर देवधरांनी पुढे 'थोर संगीतकार' हे पुस्तकही लिहिलं.

म्हणजे कुमारला शाळेतच अनेक वाटा ऐकायला मिळाल्या. पुढे अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांनी शिकून घेतलं. स्वर किती सुरेल लागू शकतो, हे त्या शिकवणीतून समजलं.

गंमत बघा. ज्या काळात गिरगावात हा मुलगा राग शिकत होता, त्याच काळात काही किलोमीटरवर ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत होतं. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकी कृष्णवर्णीय संगीतकार आपला बँड घेऊन ताजमध्ये आला होता. त्यानंतर गोव्याच्या अनेक वादकांनी मुंबईत जॅझ उचलून धरलं. शहर एक, पण दोन जगं वेगळी. तरी दोन्हीकडे शिकण्याची पहिली पायरी मात्र एकच होती. ऐका, आणि जसंच्या तसं काढून दाखवा.

जॅझमधला मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर बघा. १९३७ च्या उन्हाळ्यात, १६-१७ वर्षांचा असताना, त्याने लेस्टर यंग या वादकाच्या तबकड्या घेऊन त्यातला स्वर न् स्वर घोटला. पुढे याच पार्करने जॅझचा चेहरामोहरा बदलला. म्हणजे नक्कल करणं हा गुन्हा नाही, उलट तीच मशागत. अडचण होते ती तिथेच थांबलं की.

कुमार थांबले नाहीत. विशीत आले तेव्हा ते त्याच शाळेत शिकवू लागले होते, मैफली गाजवत होते. १९४७ साली शाळेतल्याच भानुमती कंस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. देश स्वतंत्र झाला, संसार सुरू झाला, नाव झालेलंच होतं. सगळं जुळून आलं होतं.

आणि क्षयरोगाचं निदान झालं.

२३ व्या वर्षी गाणं बंद

आज क्षयरोगावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळतं. १९४७ मध्ये तसं नव्हतं. क्षय म्हणजे तेव्हा अनेकांसाठी मृत्यूची चिठ्ठीच. कोरड्या हवेच्या ठिकाणी जा, झोपून राहा, चांगलं खा, एवढाच बहुतेकांना सल्ला मिळायचा. गवयाला त्यात आणखी एक वाक्य ऐकावं लागलं. गायचं नाही.

मुंबईची दमट हवा सोडून जानेवारी १९४८ मध्ये कुमारजी आणि भानुमती माळव्यातल्या देवासला आले. देवास म्हणजे पवारांचं जुनं मराठी संस्थान. गावात मराठी बोलणारी माणसं होती, गाण्याची परंपरा होती. उस्ताद रजब अली खाँ देवासचेच. पण नुकतं लग्न झालेल्या या जोडप्यासाठी गाव नवं होतं आणि उद्याचा भरवसा नव्हता.

पुढची जवळजवळ पाच वर्षं कुमारजी अंथरुणाला खिळून होते. भानुमतींनी शाळेत नोकरी धरली. घर चालवलं, औषधपाणी केलं, पथ्य सांभाळलं. स्वतः गाणाऱ्या बाईने स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं आणि नवऱ्याचा श्वास जपला. कुमार गंधर्वांची गोष्ट सांगताना हे नाव ओझरतं घेऊन पुढे जाता येत नाही.

सुदैवाने त्याच सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध उपलब्ध होऊ लागलं होतं. १९४३ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला होता. क्षयाच्या जंतूंवर काम करणारं ते पहिलं प्रभावी प्रतिजैविक. महाग होतं, सहज मिळत नव्हतं. पण ते कुमारजींपर्यंत पोचलं आणि जीव वाचला. एक फुफ्फुस मात्र निकामी झालं.

गाता येत नाही, पण ऐकता येतं

आता या पाच वर्षांत काय घडलं ते बघू. कारण सगळी गोष्ट इथे फिरते.

लहानपणापासून लोकांना चकित करण्याची सवय असलेला माणूस खाटेवर पडून आहे. समोर श्रोते नाहीत. टाळ्या नाहीत. हार्मोनियम काढून सूर धरायचीही मुभा नाही. उरले फक्त कान.

कानांवर काय यायचं? पहाटे जात्यावरची गाणी. लग्नाच्या वरातीत बायका म्हणत चाललेली गीतं. पाऊस लांबला की म्हटली जाणारी गाणी. दारोदार फिरणारे जोगी आणि नाथपंथी साधू, कबीराची निर्गुणी भजनं म्हणत जाणारे. ही माणसं काही कुमार गंधर्वांसाठी गात नव्हती. आपापल्या कामात गात होती. गाणं जवळ यायचं, खिडकीखालून जायचं आणि लांब जाऊन विरायचं.

आपल्याकडच्या वाचकांना हे समजायला अवघड नाही. नंदुरबारच्या उत्तरेला सातपुडा, त्याच्या पलीकडे नर्मदा, मग निमाड आणि त्यावर माळव्याचं पठार. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात, पावलं पडतात. तिथलं गाणं कुणी वहीत लिहून ठेवलेलं नसतं. आजीने म्हटलं तसं नात म्हणते, पण म्हणता म्हणता स्वतःचं थोडं घालते. ज्याला आपण उपज म्हणतो, ती तिथे कुठल्याही घराण्याशिवाय चाललेली असते.

कुमारजींना खाटेवर नेमकं हेच उमगलं. या धुना तीन, चार, पाच स्वरांच्या. पण त्या अपुऱ्या वाटत नाहीत. त्यांत सूर लावण्याची एक तऱ्हा असते, एक विशिष्ट वळण असतं. मग त्यांना प्रश्न पडला. आपले मोठमोठे राग आकाशातून पडले का? की असल्याच धुनांमधून कधीतरी उगवले? उगवले असतील, तर आजही नवा राग उगवू शकतो.

बरं वाटू लागल्यावर त्यांनी भानुमतींसह माळव्याची लोकगीतं गोळा केली, त्यांचं नोटेशन केलं. मग एकेक धून घेऊन बसायचं. तिच्यातले स्वर कुठे वळतात, कुठे थांबतात, कुठला स्वर न लागताही ऐकू येतो, ते बघायचं. धुनेत लपलेला राग हळूहळू उलगडायचा. अशा रागांना त्यांनी नाव दिलं धुनउगम राग. मालवती, संजारी, लगनगांधार, मधसुरजा, सहेली तोडी असे अनेक राग आज त्यांच्या नावावर आहेत. १९६५ मध्ये त्यांचं 'अनूपरागविलास' हे बंदिशींचं पुस्तक आलं, त्यात या कामाचा मोठा भाग आहे. बंदिशींत ते स्वतःचं नाव घालायचे 'शोक'.

मधसुरजामधल्या त्यांच्या बंदिशीचा विषय बघा. बळी द्यायला आणलेली बकरी देवीला विनवतेय. दरबार, नायिका, सासू-नणंद या नेहमीच्या विषयांच्या बाहेरचं हे जग ख्यालात आलं ते असं, रस्त्यावर डोळे-कान उघडे ठेवल्यामुळे.

श्वास कमी, म्हणून गाणं वेगळं

१९५२-५३ च्या सुमारास कुमारजी पुन्हा गाऊ लागले. पण कसं गाणार? लांबच लांब आलाप आणि एका दमात जाणाऱ्या तानांना भरपूर श्वास लागतो. तो आता नव्हता.

इथे जॅझमधल्याच एका माणसाची आठवण येते. जँगो राइनहार्ट, फ्रान्समधला जिप्सी गिटारवादक. १९२८ मध्ये, १८ वर्षांचा असताना, तो राहायचा त्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली. गिटार सुटली असंच सगळ्यांना वाटलं. त्याने उरलेल्या बोटांनी सूर धरण्याची नवी पद्धत बसवली. तीच पुढे युरोपच्या जॅझची ओळख झाली.

कुमारजींचंही असंच झालं. त्यांनी छोटे छोटे स्वरसमूह वापरायला सुरुवात केली. एक तुकडा यायचा, आणि मग शांतता. त्या शांततेत तानपुरा बोलायचा आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीचा तुकडा घुमत राहायचा. मग अचानक वरचा षड्ज विजेसारखा लागायचा आणि लगेच आवाज खाली, अगदी कुजबुजीइतका हलका. अतिविलंबित लयीत रेंगाळण्यापेक्षा मध्यलयीत बंदिश खेळवणं त्यांना जास्त मानवलं.

पण सगळं श्रेय आजाराला देऊन मोकळं होणं बरोबर नाही. क्षय हजारोंना झाला, कुमार गंधर्व एकच झाले. श्वास कमी होता ही अडचण होती. त्या अडचणीत काय गायचं हे मात्र पाच वर्षं ऐकून, विचार करून ठरलेलं होतं. ज्या थांब्यांना लोक अशक्तपणा समजले असते, ते त्यांनी गाण्याच्या अर्थाचा भाग केले.

मैफलीत काय व्हायचं?

कुमारजींची मैफल सुरू होण्याआधीच सुरू व्हायची, तानपुरे जुळवण्यापासून. त्यांचे तानपुरे विलक्षण सुरेल असत आणि ते जुळवायला ते हवा तेवढा वेळ घेत. हा नखरा नव्हता. ज्याला पुढचा स्वर आयत्या वेळी शोधायचा आहे, त्याला पायाखालची जमीन घट्टच लागते.

दुसरी गोष्ट बंदिश. अनेकांसाठी बंदिश म्हणजे खुंटी, तिच्यावर आलाप-ताना टांगायच्या. कुमारजींसाठी बंदिश हेच बी. तिच्या शब्दांत जो माणूस बोलतोय तो कोण, कुठल्या वेळी बोलतोय, कुणाशी बोलतोय, त्यावर विस्तार ठरायचा. म्हणून एकाच रागातल्या दोन बंदिशी ते गायचे तेव्हा राग दोन वेगळ्या अंगांनी दिसायचा.

तिसरी गोष्ट रियाजाची. पलटे आणि ताना यांत्रिकपणे हजार वेळा घोटण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कारण हात किंवा गळा ज्या वाटेने हजार वेळा गेला, त्याच वाटेने मैफलीतही आपोआप जाणार. मग त्याला सुचणं कसं म्हणायचं? तयारी हवीच, पण ती कानाची आणि मनाची.

विज्ञान याबद्दल काय म्हणतं? २००८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्राउन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला दिला. आधी पाठ असलेलं वाजवायचं, मग सुचेल ते. सुचेल ते वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला एक हिस्सा शांत झालेला दिसला. स्वतःवर लक्ष ठेवणं, चूक होतेय का ते तपासत राहणं, अशा कामांशी तो हिस्सा जोडलेला आहे. स्वतःबद्दल काही सांगण्याशी जोडलेला दुसरा भाग मात्र अधिक जागा झाला.

सोप्या मराठीत सांगायचं तर आतला पहारेकरी बाजूला झाला. पण लक्षात ठेवा, हे सगळे मुरलेले वादक होते. स्वर-ताल अंगात भिनलेले असतील तरच पहारेकऱ्याला सुट्टी देता येते. नवशिक्याने दिली तर फक्त गोंधळ होईल. म्हणून पाठ करतात की सुचतं, या प्रश्नाचं उत्तर दोन्ही असं आहे. पाठ केलेलं इतकं खोल जातं की पुढे ते वेगळं दाखवता येत नाही.

टीका झाली, आणि एक कार्यक्रम

हे सगळं सगळ्यांना पटलं असं नाही. घराणं सोडलं, रागाचे नियम वाकवले, राग पूर्ण मांडत नाहीत, लोकगीतं शास्त्रीय गाण्यात आणून बसवली, अशी बरीच टीका झाली. बाजूने आणि विरोधात वाद रंगायचे. कुमारजी मात्र एकामागून एक नवे कार्यक्रम आणत राहिले. ऋतूंवर 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत'. संतांवर कबीर, सूरदास, मीरा यांचं 'त्रिवेणी', शिवाय तुलसीदास आणि तुकाराम. गांधीजींच्या जन्मशताब्दीला 'गांधी मल्हार' हा राग.

घरी दुःखही आलं. १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमती गेल्या. ज्या बाईने आजारातून ओढून काढलं तीच राहिली नाही. १९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढची जवळजवळ तीस वर्षं वसुंधराताई घरात आणि मैफलीत त्यांच्या सोबत होत्या. मुलगा मुकुल शिवपुत्र आणि मुलगी कलापिनी कोमकली दोघंही पुढे नामवंत गायक झाले. देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घराचं नाव होतं 'भानुकुल'. भानुमतींचं नाव असं कायम दारावर राहिलं.

आता त्या कार्यक्रमाबद्दल, ज्यात सगळ्या आयुष्याचा हिशेब आहे. त्याचं नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'.

बालगंधर्वांची नाट्यपदं म्हणजे मराठी माणसाचा जीव की प्राण. कुठे मुरकी, कुठे ठहराव, श्रोत्यांना सगळं पाठ. ती पदं गाताना बहुतेक गायक शक्य तितकी हुबेहूब गायचे. जो पोरगा सहाव्या वर्षी कुणाचीही तबकडी जशीच्या तशी गायचा, त्याला बालगंधर्वांची नक्कल करणं किती सोपं होतं याची कल्पना करा. लोक खूश झाले असते, कार्यक्रम हाऊसफुल्ल झाले असते.

पण कार्यक्रमाचं नाव पुन्हा एकदा वाचा. मला 'पाठ असलेले' नाही, मला 'उमजलेले'. बालगंधर्वांच्या गाण्यात त्यांना जे सौंदर्य दिसलं ते त्यांनी स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या श्वासाने मांडलं. काहींना ते खटकलं, काहींनी डोक्यावर घेतलं. नक्कल आणि उपज यांच्यातला फरक त्या एका शब्दात आहे.

मग आपण ऐकायचं कसं?

कुमारजींना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचं निधन झालं. एका फुफ्फुसावर हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं गायला.

आज त्यांच्या भरपूर मैफली यूट्यूबवर आहेत. शास्त्रीय गाणं कळत नाही म्हणून पुढे सरकू नका. एक छोटा प्रयोग करा. एकच राग, शक्य असेल तर एकच बंदिश, त्यांच्या दोन वेगळ्या मैफलींतली लावा. मुखडा ओळखीचा वाटेल, सम ओळखता येईल. मधला भाग मात्र वेगळा असेल. कुठे ते पटकन वर जातील, कुठे मधेच थांबतील. ते थांबले की फोनवरचा आवाज वाढवू नका. तानपुरा ऐकू येईल, आणि पुढचा स्वर कुठे लागेल याचा अंदाज तुम्हीही बांधायला लागाल.

तो अंदाज बऱ्याचदा चुकेल. चुकला की हसू येईल. समोर बसलेल्या श्रोत्यांनाही तसंच व्हायचं.

आणि तुमच्या घरात एखादं पोर गाण्याची, रीलची हुबेहूब नक्कल करत असेल, तर त्याचं कौतुक जरूर करा. सगळे तिथूनच सुरू करतात. फक्त अधूनमधून मोबाईल बाजूला ठेवून त्याला खिडकीत बसवा आणि बाहेर काय ऐकू येतंय ते विचारा.